क्लचच्या झाकणाचं पॅकिंग

विमानतळावर निघताना नवऱ्यानं मला जवळ घेतलं आणि शेवटचं जे काही सांगितलं ते मोटरसायकलबद्दल होतं. "दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेव, नाहीतर इंजिन बसेल." मी मान हलवली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि बंगलोरला येऊन सात महिने. माझ्याबद्दल काही सांगायचं राहिलंय का, असं विचारणं अगदी ओठांवर आलं होतं. पण विमानतळावर भांडू नये एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

ही नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट. तो इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि कंपनीनं त्याला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं होतं. मी जयनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. नाशिकला मी शाळेत गणित शिकवत होते, ती नोकरी सोडून आले होते. इथे वर्षाच्या मध्यात कुठली शाळा घेईना. दिवस कसा जायचा म्हणाल, तर जायचाच नाही. सकाळी साडेआठला सगळं आवरून झालेलं असायचं आणि पुढे अख्खा दिवस तसाच पडलेला असायचा. माहेरून येणाऱ्या चिवड्याच्या डब्याला मराठी वर्तमानपत्र गुंडाळलेलं असे. ते मी सरळ करून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, अगदी 'स्वयंपाकीण पाहिजे' आणि 'नाव बदलले आहे'सुद्धा.

खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे. मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला कन्नड. दोघींची हिंदी सारखीच दिव्य. जिन्यात भेटलं की त्या विचारायच्या, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. मी "आयतु" म्हणायचे, झालेलं नसलं तरी. झालं नाही म्हटलं तर पुढचं संभाषण कुठल्या भाषेत करायचं हा प्रश्न होता.

फोनही त्यांच्याकडेच. दर रविवारी सकाळी नऊला नवऱ्याचा फोन यायचा. अक्कांचे यजमान खुर्चीत पेपर वाचत बसलेले असत, अक्का जमिनीवर भाजी निवडत. मी उभ्यानं बोलायचे. त्या दोघांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण रडणं काही मराठीत नसतं. म्हणून मी दर रविवारी म्हणायचे, "इकडे सगळं ठीक आहे. तू काळजी करू नकोस." आणि मग अंगणात जाऊन मोटरसायकल पाच मिनिटं चालू करायचे. मला ती चालवता येत नव्हती. किक मारायची, घड्याळात बघायचं, बंद करायची.

तिसऱ्या महिन्यात गाडीखाली पहिला डाग दिसला. गाडी फाटकाच्या आत उभी असायची, आणि अक्का रोज पहाटे फाटकापाशी रांगोळी काढायच्या. त्यांच्या कमळाच्या एका पाकळीवर काळं तेल पसरलं होतं. "एण्णे!" त्या ओरडल्या. एण्णे म्हणजे तेल, हा शब्द मी त्या दिवशी शिकले. दुसऱ्या दिवसापासून वाचून झालेलं मराठी वर्तमानपत्र गाडीखाली घालू लागले.

फोनवर मी जाता जाता म्हटलं, "उजव्या बाजूनं जरा तेल ओघळतंय." तो म्हणाला, "झाकणाचे स्क्रू आवळ." सीटखाली हत्यारांची पिशवी होती. मी आवळले. राग आला की माझ्या हाताला जोर येतो, आणि तेव्हा मला राग येतच असे. कुणाचा, ते ठरवायला मात्र समोर कुणी नसायचं. एका स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालं. तेल आधी थेंबानं पडत होतं, ते आता धारेला लागलं. पुढच्या रविवारी त्यानं विचारलं, "थांबलं का?" मी म्हटलं, "हो."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तो फोनवर नेहमीपेक्षा हळू बोलत होता. म्हणाला, "इथले लोक म्हणतात, अजून एक वर्ष थांब. पुढच्या सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय. तू सांग. तू नको म्हणालीस तर मी ठरल्याप्रमाणे परत येतो, खरंच."

त्या काळी अमेरिकेच्या फोनवर आवाज पोचायला क्षणभर वेळ लागायचा. त्या क्षणात अक्कांच्या यजमानांनी पेपरचं पान उलटलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विचार करून सांगते," मी म्हणाले.

विचार कसला करायचा होता? मला तो घरी हवा होता. आठवडाभर मी एकच वाक्य पाठ केलं: तू ये, मला इथे एकटीला राहवत नाही. खिचडी ढवळताना म्हणून बघायचे, कपडे वाळत घालताना म्हणून बघायचे. शाळेत भाषणं बसवून घ्यायचे मी मुलांची, आणि इथे स्वतःच्या नवऱ्याला सांगायच्या सात शब्दांची तालीम चालली होती. पण ठरलं होतं. रविवारी काहीही झालं तरी एवढं बोलायचं.

त्याच आठवड्यात आयुधपूजा आली, आपली खंडेनवमी. आपल्याकडे पाटावर चार हत्यारं मांडून फुलं वाहिली की झालं. तिथे घराघरांतल्या गाड्या धुऊन, हार घालून ओळीनं उभ्या करतात. पूजा शनिवारी होती. अक्का गुरुवारी वर आल्या आणि हातवारे करून म्हणाल्या, "शनिवार पूजा. तुम्हारा गाडी भी. लेकिन देवरु के सामने एण्णे गिरता? बेडा, बेडा." बेडा म्हणजे नको. त्यांचं बरोबरच होतं.

शुक्रवारी दुपारी मी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे निघाले. चढाला ती अडली. "चल ना मेले," मी तिला म्हटलं. गॅरेजच्या दारात भिंतीला चुना लावत उभा असलेला माणूस वळला. "वैनी, मराठी काय वो तुम्ही?"

तो बेळगावकडचा होता. पन्नाशीचा, कानांवर केस, हातभर चुना. महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी समोर उभं राहून माझ्याशी मराठीत बोललं होतं. मी गाडीकडे बोट दाखवून नुसती उभी राहिले. त्याला वाटलं असणार, बाई मुकी आहे. मग मी जे बोलायला लागले ते थांबेचना. गाडी, तेल, रांगोळी, नाशिक, सगळं एका दमात सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"क्लचकडलं झाकण खोलाय पाहिजे. आतलं पॅकिंग गेलंय," तो म्हणाला. गॅरेजात सणाची साफसफाई काढली होती, म्हणून हत्यारं घेऊन तो आमच्या अंगणातच आला. मी त्याला अण्णा म्हणू लागले आणि पायरीवर बसून बघू लागले.

त्यानं आधी खालचा बोल्ट काढून तेल पत्र्याच्या डब्यात सोडलं. मग बिस्किटांच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेतला, त्यावर झाकणाचा आकार पेन्सिलीनं काढला आणि प्रत्येक स्क्रू काढला की पुठ्ठ्यावर त्याच जागी भोक पाडून खोचत गेला. "ह्यात लांब-आखूड असत्यात. एकाच्या जागी दुसरा बसला की घोटाळा." मला ही पद्धत फार आवडली. गणिताच्या बाईला आवडणारच. माझ्या झिजलेल्या स्क्रूपाशी तो थांबला.

"हे कुणी आवळलं वो?"

"मी."

"रागानं आवळलासा." छिन्नी लावून, हातोडीनं हळूहळू ठोकत त्यानं तो फिरवून काढला. "इतकं आवळलं की पॅकिंग चिरडतंय. आणि ही गाडी फिरवत न्हाईसा काय?"

"दर रविवारी पाच मिनिटं चालू करते," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

त्यानं जिभेनं चक् केलं. "पाच मिनिटांत इंजिन गरम बी होत न्हाई. उलट आत पाणी धरतंय. त्यापरीस बंद ऱ्हायलेली बरी." चार महिने मी पतिव्रतेच्या निष्ठेनं हे व्रत केलं होतं. मला हसू आलं आणि मग एकदम अतिशय वाईट वाटलं.

झाकण निघालं. आत तेलकट, चकचकीत चाकं होती. जुनं पॅकिंग म्हणजे जाड कागदाची एक नक्षीदार कडा, ती अर्धी झाकणाला आणि अर्धी इंजिनाला चिकटून दगड झाली होती. अण्णानं झाकणाची बाजू ब्लेडनं साफ केली तोवर दिवे लागायची वेळ झाली आणि त्यानं घड्याळ पाहिलं. त्याची गावाची बस होती. सणाला बायकापोरांकडे जायचं होतं.

"सोमवारी सकाळी येतो वैनी. स्वल्प समजून घ्या." त्यानं नवीन पॅकिंगची पिशवी आणि तेलाचा डबा पायरीवर ठेवला, इंजिनावर फडकं टाकलं. जाता जाता बोलत होता, अर्धं मला, अर्धं स्वतःला. इंजिनाकडली बाजू खरवडायची राहिलीय. धातूला ओरखडा पडला तर नवं पॅकिंगसुद्धा गळणार. झाकण नेमकं जागेवर बसायला दोन पोकळ पिना आहेत, त्या विसरायच्या नाहीत. स्क्रू समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे, एकदम नाही.

अक्का बाहेर आल्या आणि फडकं उचलून पाहिलं. उद्या पूजा आणि दारात पोट फाडलेली गाडी. त्यांचा चेहरा पुरेसा होता. मी म्हटलं, "कल सुबह मैं करेगी." माझ्या हिंदीला त्या हसल्या. "पूजा शामको. तब तक, सरी." सरी म्हणजे ठीक आहे.

शनिवारी सकाळी मी जुना पंजाबी ड्रेस घालून, जमिनीवर मराठी वर्तमानपत्र अंथरून बसले. जुन्या पॅकिंगवर रॉकेलचा बोळा फिरवायचा, मऊ होऊ द्यायचं आणि ब्लेड आडवं धरून सोलायचं. ब्लेड लावायची भीती वाटेल तिथे अंगठ्याचं नख. खालची कड तर डोकं जमिनीला टेकवल्याशिवाय दिसत नव्हती. तीन तास गेले. त्या तीन तासांत मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही, आणि त्या शहरात आल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी बोट फिरवलं तेव्हा कड काचेसारखी लागली.

नव्या पॅकिंगला दोन्हीकडून पातळ ग्रीस लावलं, बसवलं, झाकण लावलं. पुठ्ठ्यावरून एकेक स्क्रू उपटून त्याच्या त्याच्या भोकात घातला. समोरासमोर, थोडं थोडं. सगळे आवळून होत आले आणि हात पुसायला ओढणी उचलली, तर तिच्यातून एक पोकळ पीन टणकन खाली पडली. मी तिला अशा शिव्या दिल्या की अक्कांना मराठी येत नाही याचे पहिल्यांदाच आभार मानले. सगळं पुन्हा खोललं. ग्रीस लावलेलं असल्यामुळे पॅकिंग फाटलं नाही. पीन बसवली आणि सगळं पुन्हा आवळलं, या वेळी हाताला राग न लावता.

तेल भरलं. सहाव्या किकेला इंजिन सुरू झालं. मी झाकणाच्या कडेशी बोट धरून बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, झाकण हाताला चटका देण्याइतकं तापलं, पण बोट कोरडंच. खाली घातलेला कागद कोरडा.

मला इतका आनंद झाला की मी उभी राहिले आणि वळले. मागे कुणीच नव्हतं. अक्का मागच्या दारी पुरणाच्या घाईत होत्या. शेजारच्या फाटकाशी एक बाई स्कूटर धूत होती, ती माझ्याकडे बघून हसली आणि परत स्कूटर धुऊ लागली. आता हे सांगायचं कुणाला, हा विचार इतका जोरात आला की मी गाडी बंद केली आणि पायरीवर बसून राहिले. कोरडं झाकण एकटीनं किती वेळ बघणार?

संध्याकाळी पूजा झाली. अक्कांच्या यजमानांची स्कूटर, इस्त्री, शिवणाचं मशीन आणि माझी मोटरसायकल, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचे हार. चाकांखाली लिंबं ठेवली. त्यावरून गाडी चालवत नेऊन ती चिरडायची असतात. मला चालवता येईना म्हणून मी ढकलली, तर पुढच्या चाकाचं लिंबू चिरडेना. मग अक्का आणि त्यांचे यजमान मागून ढकलायला आले आणि तिघांनी मिळून ते लिंबू कसंबसं फोडलं. अक्कांनी सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं की ही गाडी या बाईनं स्वतः खोलून दुरुस्त केली. लोक माझ्या नखांकडे बघत होते. मी लाजले, पण खोटं कशाला बोलू, आवडलं मला.

रविवारी दसरा. नऊ वाजता फोन वाजला. मी रात्रभर घोकलेलं वाक्य जिभेवर घेऊनच खाली उतरले होते.

तो म्हणाला, "गाडीची पूजा केलीस का?"

"केली. आणि ऐक ना," मी म्हणाले, आणि सुरू झाले. तेल थांबलं नव्हतं, मी खोटं सांगितलं होतं. मग अण्णा, पुठ्ठा, पुठ्ठ्यात खोचलेले स्क्रू, अंगठ्याचं नख, ओढणीतली पीन. मी श्वास न घेता सांगत होते. मला वाटत होतं, हे ऐकता ऐकता त्याला दिसेल. जमिनीला डोकं टेकवून बसलेली मी दिसेल, आणि तो म्हणेल, अगं, एकटीनं काय काय करत बसलीस.

तो मोठ्यानं हसला. खोलीत त्याच्याबरोबर कुणी होतं, त्याला इंग्रजीत सांगितलं की माझ्या बायकोनं इंजिन खोललं. मला त्याच्या आवाजातला अभिमान ऐकू येत होता. अक्कांनाही राहवलं नाही. भाजी सोडून त्या उठल्या, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि ओरडल्या, "युवर वाइफ फुल मेकॅनिक! यू नो टेन्शन!" आणि रिसीव्हर परत माझ्या हातात दिला.

"मी आठवडाभर नीट झोपलो नाही," तो म्हणाला. "तुला एकटीला तिथे कसं ठेवायचं, हेच डोक्यात. म्हटलं, तू नको म्हणालीस तर बरंच होईल. आणि तू तर माझ्यापेक्षा छान सांभाळतेयस सगळं. मग कळवू का त्यांना हो म्हणून?"

अक्का माझ्याकडे बघून तोंडभर हसत होत्या. त्यांच्या यजमानांनी पेपर खाली ठेवला होता. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, पण आता ते कुणाचं होतं? जिनं इंजिन खोललं त्या बाईला ते शोभत नव्हतं. आत्ताच तर सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. आणि त्याला एवढंसुद्धा कळू नये, याचा मला संतापही आला होता.

"कळव," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"नक्की म्हणजे नक्की. कितींदा सांगू?"

फोन ठेवला. अक्कांनी कॉफीचा पेला पुढे केला, तो मी उभ्यानंच संपवला. वर येऊन दार लावलं आणि रिकाम्या खोलीत ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. एकदाही अडखळले नाही. मग रडले, बराच वेळ, आणि हळू आवाजात, कारण खाली ऐकू जातं.

तो पुढचं एक वर्ष तिकडे राहिला. ते वर्ष कसं गेलं ते मी त्याला पुढे कधीतरी सांगितलं, तुटक तुटक, बहुतेक भांडणातच. आता आम्ही दोघंही म्हातारे होत आलो आहोत. अजूनही विषय निघाला की तो म्हणतो, "पण मी विचारलं होतं तुला. दोनदा विचारलं होतं."

आणि ते खरं आहे. त्यानं दोनदा विचारलं होतं.